आधी पाठ बघा, मग चेहरा

माझे वडील लालबागला गणपतीच्या कारखान्यात साचेकाम करायचे. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे, म्हणून वाळत ठेवलेले गणपती भिंतीकडे तोंड करून दाटीवाटीने उभे असत. शाळेला सुट्टी, आई कामावर, मग मी दिवसभर काथ्याच्या पोत्यावर बसून गणपतींच्या पाठी बघत असे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथला सांधा, प्लास्टरमधून डोकावणारे काथ्याचे धागे, घाईत ओतल्याने आलेले बुडबुडे, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. “चेहरा सगळेच नीट करतात,” अण्णा म्हणायचे, “कारागीर कळतो पाठीवरून.”

प्राचीन मूर्तिकला हा विषय मी २७ वर्षं शिकवते आहे. दर जूनला बारावी झालेलं एखादं पोर येतं आणि त्याच्यामागे धास्तावलेली आई. पोर विचारतं, “मॅडम, मूर्तींचा अभ्यास करायचाय, काय करू?” आई विचारते, “यात पोट भरतं का हो?” दोघांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे दर पावसाळ्यात घसा बसायचा नाही.

नाव नंतर, वर्णन आधी

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक मूर्ती निवडा. मी पोरांना फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाठवते. आमच्या पिढीच्या तोंडात अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च बसलेलं आहे. तिथे परळच्या शिवाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. मूळ शिल्प १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना निघालं. तीन मीटरहून उंच अखंड दगड आहे. मधल्या शिवातून वर एक शिव उगवतो, त्यातून आणखी एक, आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तसे चार. एकूण सात.

वही-पेन्सिल घेऊन समोर तासभर बसा आणि जे दिसतं ते लिहा. अट एकच, ‘शिव’ हा शब्द वापरायचा नाही. कमरेचा शेला कुठून निघतो आणि कुठे जातो? दोन्ही कानांत दागिना एकच आहे की वेगवेगळा? जानवं छातीवरून सरळ उतरतं की हातावरून वळतं? पहिल्या दिवशी सहा ओळींत सगळं संपतं. चौथ्या खेपेला दोन पानं भरतात, आणि मग शब्दच अपुरे पडायला लागतात. केयूर, कटिसूत्र, जटामुकुट, त्रिभंग ही भाषा शिकायची वेळ ती. आधीच पाठ केलीत तर डोळा शब्दच शोधत बसतो आणि दगड बघायचा राहून जातो.

त्यानंतर परळला बारादेवीच्या देवळात मूळ शिल्प बघायला जा. पूजेची जागा आहे, तेव्हा विचारून आत जा. प्रतिकृतीत काय हरवलं आणि काय जास्तीचं आलं ते वहीत लिहा. छिन्नीचे घाव आणि दगडाचा पोत हरवतात, साच्याचा सांधा जास्तीचा येतो. हा फरक ज्याला आपणहून दिसला, त्याला मी पुढचं सांगते. बाकीच्यांना पुन्हा पाठवते.

नाव द्यायची घाई किती महागात पडते त्याचा एक नमुना विष्णूचा आहे. चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. त्यांची अदलाबदल २४ प्रकारे होते आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव आहे. संध्येत आपण म्हणतो तीच ती केशव-नारायणादी चोवीस नावं. उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर तो केशव. पण हा क्रम ग्रंथाग्रंथांत बदलतो, आणि गावात एखादा हात सिमेंटने नवा बसवलेला असतो. म्हणून आधी हात मोजा, कुठला जुना आणि कुठला नवा ते ठरवा, नाव सगळ्यांत शेवटी.

हे मी आता शहाणपणाने सांगते, पण माझा पहिला छापील लेख चुकलेला आहे. उत्तर कोकणातल्या एका देवळात उभी मूर्ती होती. डोक्यावर किरीट, हात कोपरापासून तुटलेले, खांद्यांशी दोन झिजलेले गोल. गुडघ्यांखालचा भाग कोट्याच्या लादीत गाडलेला. मी ते गोल चक्र आणि शंख म्हणून वाचले, ‘विष्णू’ लिहिलं आणि छापून मोकळी झाले. नऊ वर्षांनी जीर्णोद्धारात लाद्या उखडल्या, तेव्हा तिथल्या गुरवांचा फोन आला, “बाई, देवाला बूट आहेत.”

बूट घालून उभा असलेला देव आपल्याकडे बहुतेक सूर्यच. ते गोल म्हणजे दोन्ही हातांतली उमललेली कमळं. पुन्हा गेले, तेव्हा समईमागे भिंतीलगत एक वीतभर बाई सापडली, धनुष्य ओढणारी उषा. ती पहिल्या दिवशीही तिथेच होती. मी समई सरकवायला संकोचले होते आणि मागे बघायला माझ्याकडे साधन नव्हतं. त्या दिवसापासून पिशवीत दाढीचा आरसा असतो. लांब दांड्याचा, लोहार चाळीत मिळतो. दुरुस्तीचा लेख मी स्वतःच लिहिला. पहिल्या लेखाला कुणी विचारलं नव्हतं, या दुसऱ्यामुळे मात्र लोक ओळखायला लागले.

शिक्षणाचं गणित

मुंबईत बी.ए.ला ‘प्राचीन भारतीय संस्कृती’ हा विषय झेवियर्समध्ये आहे, पार्ल्याच्या साठ्येमध्येही. झेवियर्सच्याच आवारात फादर हेरास यांनी १९२६ साली सुरू केलेली संस्था आणि तिचा छोटा संग्रह आहे, तिथे जाऊन बसायची सवय लावा. नोकरी सोडता येत नसेल तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्राचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. माझ्या ओळखीचे दोन बँकवाले आणि एक दंतवैद्य तिथून तयार होऊन आज माझ्यापेक्षा चांगले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, वाचतात. एम.ए.ला पुण्याचं डेक्कन कॉलेज. खणायला, मोजायला, भांड्यांचे तुकडे धुवायला तिथे जसं शिकवतात तसं शिकल्याशिवाय मूर्तीचा माणूस अर्धाच राहतो. मूर्ती जमिनीतून आली की कुठल्या थरातून आली हे आधी विचारायचं असतं, आणि कलेकडून आलेल्या पोरांना नेमका याच प्रश्नाचा कंटाळा असतो.

संस्कृत हवंच, प्राकृतही, आणि ब्राह्मी ही जुनी लिपी वाचता आलीच पाहिजे. ब्राह्मीला लोक उगाच घाबरतात, तिला दोन महिने पुरतात. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात दर्शनी भागाशी एका मोठ्या मूर्तीचं फुटकं डोकं उरलं आहे आणि त्याच्याजवळ एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. पितळखोऱ्याचा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदासाचं नाव आहे, आणि तो स्वतःला सोनार म्हणवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांची अशी नावं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. मी कोंडाण्याची ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा अण्णांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, “बघ, गुरूचं नाव आधी घातलंय.”

दगडही शिका. दख्खनचा काळा पाषाण म्हणून सगळं एका ओळीत उडवू नका. कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर इथला कातळ ज्वालामुखीच्या राखेचा आणि खड्यांचा मिळून झालेला, भरड. तिथे बारीक नक्षी धरत नाही आणि धरलेली टिकत नाही. जोगेश्वरीच्या मूर्ती ओबडधोबड दिसतात म्हणून तिथला शिल्पी कमी प्रतीचा, असं एका प्रबंधात वाचलं तेव्हा मी तो मिटून ठेवला. त्या गुहेत पावसाळ्यात पाणी कसं झिरपतं हे त्या लेखकाने पाहिलंच नसावं.

ग्रीक-रोमन मूर्ती मुंबईत बसून?

हा प्रश्न दरवर्षी एखादी तरी मुलगी विचारते. होय, पण त्याची किंमत आधी ऐका. ग्रीक, लॅटिन आणि त्याहून आधी जर्मन. या शाखेची पद्धत जर्मन लोकांनी बांधली. मूळ ग्रीक कांस्यमूर्ती बहुतेक वितळवल्या गेल्या आणि उरल्या त्या रोमनांनी केलेल्या संगमरवरी नकला. एकाच मूर्तीच्या दहा नकला शेजारी ठेवायच्या, कुठे काय जुळतं ते पाहायचं आणि हरवलेल्या मूळ मूर्तीपर्यंत पोचायचं. फुर्टवेंगलर या जर्मन अभ्यासकाने १८९३ साली ही पद्धत टोकाला नेली. पुढच्यांनी तिच्यावर टीका केली, आणि तीही बरीचशी जर्मनमध्येच. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन आहे, पदवीच्या पहिल्या वर्षीच नाव घाला. मी तिशीत घातलं आणि नामाची लिंगं पाठ करताना लोकलमध्ये रडकुंडीला आले.

पद्धत मात्र लालबागच्या माणसाला परकी नाही. पॉलिक्लाइटस या ग्रीक शिल्पकाराच्या ‘भालाधारी’ मूर्तीची पॉम्पेईत सापडलेली नक्कल नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिचा फोटो मी अण्णांना दाखवला. ते मूर्तीपेक्षा पायाशेजारच्या झाडाच्या बुंध्याकडे बघत राहिले. “हे झाड त्याच्या मनातलं नाही,” म्हणाले. “दगडाचा पाय एवढं वजन पेलत नाही, म्हणून लावलंय. मूळ धातूचं असणार.” नंतर मी त्यांना सांगितलं की नेपल्सजवळ बाइयाला १९५४ साली रोमनकालीन प्लास्टरचे तुकडे मिळाले, ग्रीक कांस्यमूर्तींवरून काढलेल्या साच्यांतले. मला वाटलं होतं त्यांना नवल वाटेल. “मग? साच्याशिवाय धंदा होतो का?” एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

तिकडे जायचं तर आपल्या किनाऱ्यावरून जा, असं माझं मत आहे. लंडन-अथेन्सच्या मुलांशी त्यांच्या अंगणात स्पर्धा करण्यात आपण मागे पडतो. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत निघालेला छोटा कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. उलट दिशेने गेलेली हस्तिदंती बाई १९३८ साली पॉम्पेईत सापडली, जेमतेम २५ सेंटिमीटरची. तिच्या घडणीच्या बहिणी मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला मिळाल्या. तिला बरेच दिवस लक्ष्मी म्हणत, आता यक्षी किंवा नुसती स्त्री म्हणणारे जास्त. तिच्या डोक्यात वरून पाडलेलं भोक आहे आणि तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर. म्हणजे ती कशाची तरी मूठ किंवा पाय असावी, आणि जोडणाऱ्याने खूण केली असावी. समोरचा फोटो बघून शंभर लेख निघाले. भोक आणि अक्षर बघून बोलणारे थोडे. सोपारा, कल्याण, चौल ही नावं ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आहेत आणि तिन्ही ठिकाणी तुम्ही सकाळी निघून रात्री घरी येऊ शकता.

गावात

टेप, स्केलपट्टी, टॉर्च, आरसा, छत्री, खडूऐवजी पेन्सिल. मूर्तीवर खडू, पाणी, पीठ, तेल काहीही लावायचं नाही. झिजलेला लेख वाचायचा तर टॉर्च समोरून नको, बाजूने अगदी तिरपा धरा, अक्षरांच्या कडा सावलीने उभ्या राहतात. देऊळ बंद असेल तर गुरवांच्या घरी जा आणि पहिल्या दिवशी कॅमेरा काढूच नका. “देव नेणार का?” हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो, आणि तो रास्त आहे, कारण नेलेले आहेत.

एका गावात गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नव्हता. वाद घालण्यात अख्खी सकाळ गेली असती. मी गुरवांच्या नववीतल्या मुलाला कॅमेरा दिला, स्केल कुठे ठेवायची ते सांगितलं, आरसा कसा धरायचा ते दाखवलं. माझ्या प्रबंधातले सर्वांत चांगले चार फोटो त्याचे आहेत, आणि खाली त्याचं नाव आहे.

शेंदराखाली काय आहे हे विचारू नका, वाट बघा. वर्षानुवर्षांचं कवच कधीतरी आपोआप निखळतं, तेव्हा गावाने तुम्हाला फोन करावा इतकी ओळख ठेवा. आणि संरक्षण नसलेल्या मूर्तीचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. तुमच्या आधी तिथे कोण पोचेल सांगता येत नाही.

विषय लहान घ्या. ‘प्राचीन भारतीय शिल्पकलेतील स्त्री’ असा विषय घेऊन आलेल्याला मी पाणी देते आणि परत पाठवते. बोरिवलीला एकसरचे वीरगळ घ्या. त्यांवर समुद्रातली लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा आहेत. बहुतेक ठिकाणी वाचाल की ही शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची १२६५च्या सुमाराची लढाई. दुसरं मत परमार भोजाच्या कोकणस्वारीचं, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं आधीचं. वाचता येईल असा लेख दगडावर उरलेला नाही. मग निवाडा कशावर करायचा? वीरांच्या केसांचा अंबाडा, ढालीचा आकार, वरच्या कलशाची घडण. अंबरनाथच्या देवळाला शके ९८२चा, म्हणजे १०६०चा लेख आहे, तेव्हा तुलनेला एक पक्का खुंटा हाताशी आहे. एवढ्यात पीएचडी होते, आणि सगळं लोकलच्या पासात.

पोट

आता आईसाठी. नेट किंवा सेट ही महाविद्यालयात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा शक्य तितक्या लवकर काढा. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही धरले जातात, आणि फेलोशिप मिळाली तर ती काही वर्षांची निश्चिंती असते. त्यानंतर कायम नोकरी लगेच मिळेल असं मानू नका. मी सहा वर्षं दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवलं. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. एका ठिकाणी वर्षभराचं मानधन मार्चअखेर एकदम आलं, तोवर घर अण्णांच्या गणपतींवर चाललं. दुसरे रस्ते म्हणजे केंद्राचा पुरातत्त्व विभाग, ज्याचं मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यावर आहे, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय संचालनालय, आणि संग्रहालयं. संग्रहालयात जायचं असेल तर संग्रहालयशास्त्राची पदविका करून ठेवा. नोंदवही लिहिणाऱ्या, मूर्ती नीट उचलता येणाऱ्या माणसाला तिथे व्याख्यान देणाऱ्यापेक्षा आधी घेतात.

एका रस्त्यापासून मात्र लांब राहा. नाव थोडं झालं की लोक येतात. माझ्याकडे एक गृहस्थ शाल गुंडाळलेली कांस्याची देवी घेऊन आले. देवी सुरेख होती. “बाई, एवढंच लिहून द्या, चोळकालीन.” सोबत पाकीट. मी देवी उलटी केली. तळ आतून ताजा, कडांना कानस मारलेली, खोबणीतली हिरवी पुटं नखाने निघाली. ती खोटी होती म्हणून सोपं गेलं. खरी असती तरी उत्तर तेच. शंभर वर्षांवरच्या मूर्तीची १९७२च्या कायद्याखाली नोंद लागते, ती आहे का, कुठून आली, एवढं विचारा. गृहस्थ पाकीट उचलून निघून जातात. तोंडीसुद्धा “छान आहे, जुनी वाटते” म्हणू नका. तेवढं वाक्यही विकलं जातं.

पहिला मंगळवार

सुरुवात कुठून करू, असं तरीही विचारणाऱ्यांना मी घारापुरीला पाठवते. सोमवारी लेणं बंद असतं, म्हणून मंगळवार. गेटवेहून सकाळची पहिली लाँच घ्या, तासाभरात पोचता. पायऱ्या चढल्या की सगळे धावतात ते सुमारे साडेपाच मीटरच्या, तीन चेहऱ्यांच्या सदाशिवाकडे. तुम्ही आधी डावीकडच्या अर्धनारीश्वरापाशी उभे राहा, कारण पूर्वेचा उजेड तिथे सकाळीच चांगला असतो आणि मोडलेल्या कडा स्पष्ट दिसतात. गर्दी पांगली की सदाशिव. इथे आरसा पिशवीतच राहू द्या. या देवाला पाठ नाही, तो अजून डोंगरातच आहे. एकदा डाव्या, एकदा उजव्या कोपऱ्यात जाऊन कडेचे दोन चेहरे कातळात नेमके कुठे मिटतात, छिन्नी कुठे थांबली, ती रेघ वहीत काढा. दोन तास तरी लागतील. डबा न्या, पण उघडा ठेवू नका, तिथली माकडं माझी पोळी दोनदा घेऊन गेली आहेत.